जनरेटेड फाइल्स परत कधी बनतात आणि कधी बनत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टीममध्ये नवीन कुणी आलं की दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मेसेज येतोच, "सर, मी काहीच केलं नाही तरी बिल्ड तुटलाय", आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा खरंच त्याने काही केलेलं नसतं. तेच तेच टाइप करून कंटाळलो म्हणून एका जागी लिहून ठेवतोय. प्रश्न लोकांनी पाठवले तसेच ठेवलेत, नंबर दिलेत म्हणजे एका उत्तरातून दुसऱ्याकडे पाठवता येईल. सी, सी प्लस प्लस आणि मेक, निन्जा, सीमेक ही बिल्ड टूल्सची (सोर्सपासून प्रोग्राम बांधणारी) मंडळी धरून लिहिलंय, जावावाल्यांनी सांभाळून घ्या.

१. जनरेटेड सोर्स फाइल म्हणजे नक्की काय? ऑब्जेक्ट फाइलसुद्धा जनरेटेडच असते की!

असते, पण ती कुणी वाचत नाही. आपण बोलतोय ते माणसाने न लिहिलेल्या कोडबद्दल, म्हणजे एका प्रोग्रामने लिहिलेला आणि मग कंपायलरने वाचलेला कोड. ग्रामरच्या फाइलवरून बायसन पार्सर (भाषेची रचना ओळखणारा कोड) बनवतो, प्रोटो फाइलवरून (प्रोटोबफमधलं डेटाचं वर्णन) प्रोटॉक क्लासेस बनवतो, एलएलव्हीएम या कंपायलरमध्ये टेबलजेन नावाचं टूल टीडी फाइल्स वाचून इंक फाइल्स ओकतं, जीसीसी या दुसऱ्या कंपायलरमध्ये तर प्रोसेसरच्या वर्णनाच्या एमडी फाइल्स वाचून अख्खं इन्स्ट्रक्शन ओळखायचं कोड तयार होतं. एस्क्यूलाइट या डेटाबेसची जी एकच अजस्र सी फाइल लोक प्रोजेक्टमध्ये टाकतात तीसुद्धा शंभरावर फाइल्स जोडून बनवलेली जनरेटेड फाइलच आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

२. परत बनवायची की नाही हे बिल्डला कळतं कसं?

मेक १९७६ साली बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने लिहिला, आणि तेव्हापासून त्याचा हिशोब एकच: ज्यापासून बनते ती फाइल बनलेल्या फाइलपेक्षा नवी असेल तर परत बनव. आत काय लिहिलंय हे तो बघतच नाही, फक्त तारीख-वेळ बघतो. निन्जा वेळ बघतोच, शिवाय मागच्या वेळी कोणती कमांड चालवली होती त्याचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) स्वतःच्या लॉगमध्ये ठेवतो, त्यामुळे कमांडमध्ये एक फ्लॅग जरी बदलला तरी त्याला कळतं. बेझल (आणखी एक बिल्ड टूल) वेळेच्या नादी लागत नाही, तो फाइलच्या मजकुराचा हॅश काढतो.

बाकी सगळे प्रश्न इथूनच निघतात. बिल्ड सिस्टिमला तुम्ही जेवढं सांगितलंय तेवढंच माहीत असतं, आणि जनरेटेड फाइलच्या बाबतीत आपण नेहमी अर्धवट सांगतो.

३. जनरेटेड फाइलमध्ये दोन ओळींचा फिक्स टाकला होता, सोमवारी आलो तर गायब. कुणी काढला?

बिल्डने. पालथ्या घड्यावर पाणी आहे ते. मूळ ग्रामर किंवा टेम्प्लेट बदला, नाहीतर जनरेटर बदला. फाइलच्या डोक्यावर "डू नॉट एडिट" लिहिलेलं असतं ते वाचत चला. गो भाषेत तर या ओळीचा साचाच ठरलेला आहे, "कोड जनरेटेड" ने सुरू आणि "डू नॉट एडिट" ने शेवट, म्हणजे टूल्सनासुद्धा ती ओळखता येते. तुमच्या घरच्या स्क्रिप्टने बनवलेल्या फाइलवर ही ओळ नसेल तर ती टाकणं हे आजचं पहिलं काम, आणि कुठल्या फाइलपासून बनली तेसुद्धा त्यातच लिहा, शोधणाऱ्याचा अर्धा तास वाचतो.

४. जनरेटेड फाइल्स गिटमध्ये टाकाव्यात का? आमच्याकडे यावरून दर महिन्याला भांडण होतं.

भांडण सगळीकडेच आहे, आणि मोठ्या मोठ्या प्रोजेक्ट्सनी वेगवेगळी उत्तरं दिलीयत.

लिनक्स कर्नलमध्ये पूर्वी लेक्सर-पार्सरचं आउटपुट नावापुढे "शिप्ड" लावून चेक-इन केलेलं असायचं, म्हणजे बिल्ड करणाऱ्याकडे फ्लेक्स (लेक्सर बनवणारं टूल) आणि बायसन नसलं तरी चालायचं. २०१८ च्या ४.१६ पासून ते बिल्डच्या वेळीच बनतं आणि ही दोन्ही टूल्स लागतातच. पोस्टग्रेस डेटाबेसच्या टारबॉलमध्ये (रिलीझसाठी बांधलेल्या सोर्सच्या गठ्ठ्यात) बनवून ठेवलेल्या फाइल्स यायच्या, त्याही १७ पासून बंद झाल्या, आता बायसन, फ्लेक्स, पर्ल तुमच्याकडे पाहिजे. सीपायथनने (पायथनचा मूळ इंटरप्रिटर) उलटा रस्ता धरलाय, तिथे जनरेटेड फाइल्स रेपोमध्येच असतात, "मेक रीजेन-ऑल" चालवून त्या ताज्या करायच्या, आणि कमिटमधली फाइल शिळी असेल तर सीआय (बदल आला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) बोंब मारतो. गोमध्ये २०१४ च्या १.४ पासून "गो जनरेट" आहे, पण "गो बिल्ड" त्याला कधीच हाक मारत नाही, लायब्ररी लिहिणाऱ्याने चालवायचं आणि आउटपुट कमिट करायचं.

माझं मत विचाराल तर, जनरेटर सहज मिळतो आणि पटकन चालतो तर टाकू नका. जनरेटर मिळायला त्रास आहे, लायसन्स लागतं, किंवा लायब्ररी वापरणारे परके लोक आहेत तर टाका, पण मग सीपायथनसारखी तपासणी सीआयमध्ये हवीच: सगळं परत बनवायचं आणि गिट डिफ रिकामा आला पाहिजे. तपासणीशिवाय चेक-इन म्हणजे सहा महिन्यांनी मूळ फाइल एक सांगते आणि जनरेटेड फाइल भलतंच, आणि खरं कुठलं ते कुणालाच ठाऊक नाही.

५. नुसतं क्लोन केलं, एका फाइलला हात लावला नाही, तरी मेक म्हणतो एक्लोकल १.१५ सापडत नाही. मला ते हवंच कशाला?

हवं नाहीच, गैरसमज झालाय मेकचा. एक्लोकल हे ऑटोमेकबरोबर येणारं, कॉन्फिगर स्क्रिप्ट बनवायच्या साखळीतलं टूल. गिट फाइल्सची वेळ साठवत नाही, चेकआउट करताना जी फाइल ज्या क्षणी डिस्कवर उतरली तीच तिची वेळ. आता रेपोमध्ये कॉन्फिगर स्क्रिप्ट आणि ती जिच्यापासून बनते ती एसी फाइल दोन्ही असतील, आणि एसी फाइल दोन मिलिसेकंद उशिरा उतरली, की मेकला वाटतं मूळ फाइल नवी आहे, चला परत बनवू, आणि मग तो ज्या व्हर्जनने शेवटचं बनवलं होतं नेमकं तेच ऑटोमेक मागतो. म्हणूनच हे कधी होतं कधी होत नाही, शेजारच्याच्या मशीनवर चालतं आणि तुमच्याकडे नाही.

उपाय दोन. ऑटोटूल्स (ऑटोकॉन्फ, ऑटोमेक ही मंडळी) तुमच्याकडे असतील तर सरळ "ऑटोरीकॉन्फ" फोर्स आणि इन्स्टॉलच्या फ्लॅगने चालवा. नसतील तर योग्य क्रमाने टच मारा (म्हणजे फाइलची वेळ आत्ताची करा), आधी एक्लोकल.एम४, मग मेकफाइल.इन आणि कॉन्फिग.एच.इन, शेवटी कॉन्फिगर.

गिट वेळ साठवत नाही ते मुद्दाम आहे बरं का. साठवली असती तर जुन्या ब्रँचवर गेल्यावर फाइल जुन्या तारखेची आली असती आणि मेकने काहीच बिल्ड केलं नसतं, ते जास्त वाईट. त्याची किंमत अशी की मुख्य ब्रँचवरून दुसरीकडे जाऊन परत आलात तर मजकूर तोच असूनही बदललेल्या फाइल्स नव्या दिसतात. रोज असं ये-जा करणाऱ्यांनी गिट वर्कट्री वापरावी, दोन ब्रँचना दोन फोल्डर, कटकट नको.

६. जनरेटरची स्क्रिप्टच दुरुस्त केली पण आउटपुट जुनंच येतंय. क्लीन केलं की बरोबर येतं.

कारण नियमात तुम्ही डेटा फाइल लिहिलीय, स्क्रिप्ट लिहिलेली नाही. जनरेटर हासुद्धा इनपुटच आहे, त्याला डिपेंडन्सीमध्ये (ज्यापासून बनते त्या फाइल्सच्या यादीत) टाका. हे सगळ्यात जास्त राहून जातं. आणि एवढ्यावर भागत नाही: स्क्रिप्टने इम्पोर्ट केलेले मॉड्यूल्स, टेम्प्लेट्स, वाचलेली प्रत्येक फाइल यादीत हवी. हाताने यादी ठेवणं जमत नाही, त्यामुळे जनरेटरलाच सांगा की काय काय वाचलंस ते एका डेप फाइलमध्ये लिही, निन्जा आणि सीमेक दोघांना ती वाचता येते. प्रोटॉकला तर ती सोय मुळातच आहे.

कमांडचे फ्लॅग बदलले हे मेकला कळत नाही. कर्नलवाल्यांनी त्यासाठी "इफ चेंज्ड" नावाचा मॅक्रो केलाय, तो प्रत्येक आउटपुटशेजारी एका लपलेल्या सीएमडी फाइलमध्ये मागची कमांड लिहून ठेवतो आणि पुढच्या वेळी ताडून बघतो. युक्ती साधी आहे, कुठल्याही मेकफाइलमध्ये उचलता येते.

टूलची व्हर्जन बदलली हे तर मेक आणि निन्जा दोघांनाही सहसा कळत नाही, कारण पाथ तोच, कमांड तीच. प्रोटोबफने निदान जनरेटेड हेडरमध्येच (बाकीच्या सोर्स फाइल्स जी इन्क्लूड करतात ती फाइल) तपासणी टाकलीय, जुन्या प्रोटॉकने बनवलेली फाइल नव्या हेडर्सबरोबर कंपाइल करायला गेलात तर तो स्पष्ट सांगतो की ही फाइल परत बनवा. बाकी टूल्स इतकी सभ्य नसतात. मी व्हर्जनचं आउटपुट एका फाइलमध्ये लिहून त्या फाइलवर डिपेंडन्सी ठेवतो (ती फाइल फक्त बदल झाला तरच लिहायची, कसं ते प्रश्न ७ मध्ये).

७. मूळ फाइलमध्ये एक कॉमेंट बदलली आणि हजारो फाइल्स परत कंपाइल व्हायला लागल्या. हा काय अन्याय?

जनरेटरने हेडर परत लिहिला, मजकूर अक्षर न् अक्षर तोच, पण वेळ नवी. त्या हेडरला चिकटलेले सगळे जागे झाले.

उपाय जुनाच आहे, आउटपुट आधी तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचं, जुन्याशी तुलना करायची, आणि वेगळं असेल तरच त्या नावावर हलवायचं. जीसीसीमध्ये याची स्क्रिप्टच आहे "मूव्ह इफ चेंज" नावाची, कर्नलमध्ये "फाइलचेक" मॅक्रो हेच करतो, सीमेकचं "कॉन्फिगर फाइल" आपोआप असंच वागतं, टेबलजेनला तसा ऑप्शन आहे.

पण थांबा, इथे लोक हमखास फसतात. हेडर हलवला नाही म्हणजे त्याची वेळ जुनीच राहिली आणि मूळ फाइल त्याच्यापेक्षा नवी झाली, आता मेक प्रत्येक बिल्डला म्हणणार हेडर शिळा आहे, प्रत्येक बिल्डला जनरेटर चालवणार, आणि हे मरेपर्यंत चालू राहणार. म्हणून मध्ये एक स्टॅम्प फाइल लागते. नियम स्टॅम्पसाठी लिहायचा, जनरेटर चालला की स्टॅम्पला टच मारायचा, हेडर मात्र बदल असेल तरच हलवायचा, आणि हेडरचा नियम म्हणजे "मी स्टॅम्पवर अवलंबून आहे" एवढाच, रेसिपी (चालवायच्या कमांड) रिकामी. जीसीसीच्या बिल्ड फोल्डरमध्ये गेलात तर "एस" आणि डॅशने सुरू होणाऱ्या ढीगभर चिमुकल्या फाइल्स दिसतील, त्या याच. नव्या माणसाला वाटतं कचरा आहे, एकाने माझ्यासमोर सगळ्या उडवल्या होत्या.

निन्जामध्ये स्टॅम्पची गरज नाही, नियमात "रीस्टॅट" एक करायचं. कमांड चालल्यावर तो आउटपुटची वेळ परत बघतो, बदलली नसेल तर पुढची सगळी कामं यादीतून काढून टाकतो. अर्थात जनरेटरने स्वतः न बदललेली फाइल लिहायचं टाळलं पाहिजे, नाहीतर रीस्टॅटचा काही उपयोग नाही.

कर्नलने आणखी एक पाऊल पुढे टाकलंय. सगळे कॉन्फिग ऑप्शन एकाच ऑटोकॉन्फ हेडरमध्ये येतात, म्हणजे एक ऑप्शन बदलला की अख्खा कर्नल परत कंपाइल व्हायला हवा. त्यांचं फिक्सडेप नावाचं छोटंसं टूल सोर्स वाचून बघतं की या फाइलने कुठले ऑप्शन खरंच वापरलेत, आणि त्या मोठ्या हेडरऐवजी त्या-त्या ऑप्शनच्या छोट्या फाइलवर डिपेंडन्सी टाकतं.

८. एका जॉबने बिल्ड नीट होतो, सोळा जॉब दिले की कधी कधी फुटतो. परत चालवला की पास. हार्डवेअर खराब आहे का?

हार्डवेअर बिचारं ठीक आहे. बायसनसारखा जनरेटर एका फटक्यात दोन फाइल्स बनवतो, सी आणि एच. मेकमध्ये साधा नियम लिहून डावीकडे दोन नावं दिली तर मेकला वाटतं हे दोन वेगळे नियम आहेत, रेसिपी फक्त सारखी. एकच जॉब असेल तर पहिल्यांदा बायसन चालतो, मग दुसऱ्या नावाकडे बघितलं तर फाइल ताजीच आहे, विषय संपला. पण समांतर चालवलं तर दोन बायसन एकाच वेळी त्याच दोन फाइल्सवर लिहायला बसतात.

हे मी भोगलंय. जुन्या नोकरीत नवा बत्तीस कोअरचा बिल्ड सर्व्हर आला, सगळे खूश, आणि मग आठवड्यातून एखादी रात्र बिल्ड पडायला लागला. एरर पार्सरच्या सी फाइलमध्ये, अचानक फाइल संपली म्हणे. सकाळी येऊन फाइल उघडावी तर धडधाकट, शेवटची ओळसुद्धा जागेवर. आम्ही त्या रात्रीचा शेवटचा कमिट करणाऱ्याला धरायचो, दोनदा तर एका पोराचा निर्दोष कमिट मागे घेतला, चोर सोडून संन्याशाला फाशी. शेवटी मी बिल्ड पडल्या क्षणी फाइलची कॉपी काढून ठेवायची स्क्रिप्ट लावली. त्या कॉपीत पार्सरच्या टेबलची आकड्यांची रांग मध्येच तुटलेली, शेवटी एक स्वल्पविराम आणि पुढे काहीच नाही. पहिला बायसन संपला, कंपायलरने फाइल उघडली, तेवढ्यात दुसऱ्या बायसनने ती रिकामी करून परत लिहायला घेतली होती. सकाळपर्यंत अर्थातच ती पूर्ण झालेली असायची. मग लॉग नीट बघितला, बायसनची तीच ओळ दोनदा होती. महिनाभर डोळ्यांसमोर होती.

ग्नू मेक ४.३ पासून (२०२०) यासाठी ग्रुप टार्गेट आहे, कोलनच्या आधी अँपरसँड लावायचा, `&:` असा. पण मॅकबरोबर येणारा मेक अजून ३.८१ आहे, आणि जुना मेक त्या अँपरसँडला एरर न देता आणखी एक टार्गेट समजतो आणि गुपचूप जुन्या पद्धतीने वागतो. म्हणून मेकच्या फीचर्स व्हेरिएबलमध्ये ग्रुप टार्गेट आहे का हे तपासा आणि नसेल तर बिल्ड तिथेच थांबवा. दुसरा पर्याय पॅटर्न रूलचा, टक्क्याच्या चिन्हाने लिहिलेला नियम दोन आउटपुट एकत्रच धरतो, जुन्या मेकमध्येसुद्धा. निन्जामध्ये एका नियमाला कितीही आउटपुट चालतात.

९. पहिला बिल्ड म्हणतो हेडर सापडत नाही, लगेच दुसऱ्यांदा चालवला की होतो. असं का?

आधी लगीन कोंढाण्याचं! जनरेटेड हेडर तयार व्हायच्या आधीच कंपायलर सुटलाय. कोणती सी फाइल कुठला हेडर वापरते ही माहिती कंपायलर पहिल्या कंपाइलमध्ये डेप फाइलमध्ये लिहितो, म्हणजे अगदी पहिल्या बिल्डला बिल्ड सिस्टिमकडे ती नसतेच. दुसऱ्या वेळी हेडर आधीच पडलेला असतो म्हणून पास होतो, चूक मात्र तशीच राहते आणि सीआयच्या रिकाम्या फोल्डरमध्ये परत डोकं वर काढते.

इथे ऑर्डर-ओन्ली डिपेंडन्सी वापरा, मेकमध्ये उभ्या रेघेनंतर लिहितात, निन्जात दोन उभ्या रेघांनंतर. अर्थ असा की हा हेडर आधी बनू दे, पण तो बदलला म्हणून मला परत कंपाइल करू नको. खरंच वापरत असेल तर डेप फाइल पुढच्या वेळेपासून बघून घेईल. साधी डिपेंडन्सी टाकलीत तर प्रश्न ७ मधला अन्याय स्वतःच्या हाताने ओढवून घ्याल.

१०. सीमेकमध्ये कस्टम कमांड आणि कस्टम टार्गेट यात फरक काय? मी टार्गेट वापरलं तर दरवेळी चालतंय.

टार्गेट दरवेळी चालतंच, त्याला शिळं-ताजं कळत नाही. फाइल बनवायची असेल तर आउटपुट दिलेली कस्टम कमांड. ती फक्त त्याच फोल्डरच्या टार्गेट्सना नीट दिसते, दुसऱ्या फोल्डरमधून हवी असेल तर तिच्याभोवती एक कस्टम टार्गेट गुंडाळा आणि "ॲड डिपेंडन्सीज" लावा. आणि एकच आउटपुट दोन स्वतंत्र लायब्रऱ्यांच्या सोर्समध्ये टाकू नका, मेकफाइलवाल्या बिल्डमध्ये दोघी तो नियम आपापला चालवतात आणि तुम्ही प्रश्न ८ मध्ये पोचता.

नवी प्रोटो फाइल टाकली आणि सीमेकला दिसलीच नाही, अशीही तक्रार येते. ती यादी ग्लोबने (नावाच्या नमुन्यावरून फाइल्स शोधून) काढलेली असते, आणि ग्लोब फक्त सीमेक चालताना बघतो. ३.१२ पासून "कॉन्फिगर डिपेंड्स" लावता येतं, पण मी नावं हाताने लिहितो, चार ओळी जास्त लिहून रात्रीची झोप विकत घेतो.

११. जनरेटर मध्येच क्रॅश झाला, पुढच्या बिल्डला मात्र मेक म्हणतो सगळं ताजं आहे!

कारण बाणाच्या चिन्हाने आउटपुट वळवलंत की शेल आधीच फाइल तयार करतो. जनरेटर मेला, अर्धी फाइल राहिली, वेळ मात्र नवीकोरी. कंट्रोल-सी मारलात तर मेक स्वतः ती फाइल काढतो, पण कमांड एरर देऊन पडली तर काढत नाही, त्यासाठी मेकफाइलमध्ये "डिलीट ऑन एरर" चं खास टार्गेट लिहावं लागतं. एक ओळ आहे, प्रत्येक मेकफाइलमध्ये टाका. त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे तात्पुरत्या नावाने लिहून शेवटी हलवणं, प्रश्न ७ मधल्या पद्धतीने हे फुकटच पदरात पडतं.

१२. मेक शेवटी माझी जनरेटेड सी फाइल स्वतःच डिलीट करतो, का?

दोन पॅटर्न रूल्सच्या साखळीत मधलीच फाइल असेल तर मेक तिला तात्पुरती समजून झाडून टाकतो. "सेकंडरी" नावाच्या खास टार्गेटमध्ये तिचं नाव घाला, राहील.

१३. मूळ प्रोटो फाइल काढून टाकली तरी माझ्याकडे बिल्ड होतोय, सीआयवर मात्र फुटतोय. सीआय चुकतंय ना?

नाही, या वेळी सीआय बरोबर आहे. मूळ फाइल गेली, नियम गेला, पण आधी बनलेला हेडर तुमच्या बिल्ड फोल्डरमध्ये भूत होऊन बसलाय आणि कुठलीतरी सी फाइल अजून त्यालाच इन्क्लूड करतेय. मेकला त्याचा पत्ताच नाही. निन्जामध्ये "क्लीनडेड" नावाचं टूल आहे, पूर्वी बनवलेली पण आता कुठल्याच नियमात नसलेली आउटपुट ते काढतं. जनरेटेड फाइल्स सोर्सच्या झाडात न टाकता वेगळ्या बिल्ड फोल्डरमध्ये ठेवल्यात तर निदान अख्खं फोल्डर उडवता येतं.

१४. फाइल शिळी नाही हे मला दिसतंय, तरी का बनवतोय ते कसं शोधू?

अंदाज बांधत बसू नका, त्यालाच विचारा. निन्जाला डीबगमध्ये "एक्स्प्लेन" द्या, कुठली फाइल कशापेक्षा जुनी निघाली ते ओळीने सांगतो. ग्नू मेक ४.० पासून "ट्रेस" आहे. पहिलं कारण वाचा, बाकीची त्याच्या मागून घरंगळत आलेली असतात.

"क्लॉक स्क्यू" ची वॉर्निंग दिसली तर मात्र मेकफाइल बघूच नका. फाइल्स नेटवर्क ड्राइव्हवर आहेत आणि त्या सर्व्हरचं घड्याळ तुमच्या घड्याळाच्या पुढे आहे, किंवा व्हर्च्युअल मशीन झोपेतून उठलंय आणि घड्याळ मागे राहिलंय. घड्याळ जुळवा.

१५. इनपुट तेच, तरी दर वेळी आउटपुट वेगळं येतं, त्यामुळे प्रश्न ७ चा उपाय आमच्याकडे चालतच नाही.

मग जनरेटर काहीतरी बाहेरचं आत आणतोय. हेडरमध्ये बनवल्याची तारीख छापली असेल तर सरळ काढा, कुणी वाचत नाही. काढता येत नसेल तर "सोर्स डेट इपॉक" हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल पाळा, रिप्रोड्यूसिबल बिल्ड्सवाल्यांनी ते यासाठीच ठरवलंय. संपूर्ण पाथ छापला असेल तर दोन मशीनवर दोन आउटपुट. आणि पायथनचा सेट! ३.३ पासून स्ट्रिंगचा हॅश प्रत्येक रनला बदलतो, त्यामुळे सेटमधून फिरलात की क्रम दर वेळी वेगळा. डायरेक्टरीतल्या फाइल्सची यादीसुद्धा कुठल्याच क्रमाची हमी देत नाही. दोन्ही ठिकाणी सॉर्ट लावा.

१६. एआरएमसाठी क्रॉस-कंपाइल करतोय, जनरेटर चालतच नाही, एक्झेक फॉरमॅट एरर देतो.

जनरेटर बिल्डच्या मधे चालायचा असतो, म्हणजे तो तुमच्या मशीनचा पाहिजे, बोर्डाचा नाही. दोन कंपायलर लागतात. जीसीसी आपले सगळे जनरेटर "बिल्ड" नावाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये, बिल्ड ज्या मशीनवर चालतोय त्याच मशीनसाठी बांधतो. जाता जाता, एलएलव्हीएमचा डीबग बिल्ड करत असाल तर टेबलजेनसुद्धा डीबगमध्ये बांधला जातो आणि गोगलगायीसारखा चालतो, "ऑप्टिमाइझ्ड टेबलजेन" चा ऑप्शन चालू करा.

१७. जनरेटेड फाइलमध्ये मर्ज कॉन्फ्लिक्ट आलाय, पाचशे ओळी, मदत करा!

हात लावू नका. मूळ फाइलचा कॉन्फ्लिक्ट सोडवा, जनरेटर चालवा, जे येईल ते ॲड करा.

१८. बायसनचा स्वतःचा पार्सर बायसनच बनवतो म्हणे. मग पहिला बायसन आला कुठून?

दही लावायला आधीचं दही लागतं तसंच. बायसनच्या रिलीझ टारबॉलमध्ये बनवून ठेवलेला पार्सर असतो, तेच विरजण, त्यामुळे बायसन बिल्ड करायला बायसन लागत नाही. गोचा कंपायलर १.५ पासून गोमध्येच लिहिलाय, तेव्हा तो बांधायला १.४ घ्यावा लागायचा. जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीच्या ऑब्जेक्ट फाइल्स सारख्या आहेत का ते तपासतो. अशा टूलच्या ग्रामरमध्ये बदल करताना प्रश्न ४ मधलं "टाकू नका" लागू होत नाही, विरजणाची वाटी फ्रिजमध्ये ठेवावीच लागते. आणि नवं वापरायचं सिंटॅक्स आधी जुन्या सिंटॅक्समध्ये लिहून घ्यावं लागतं, मग विरजण बदलायचं, मग वापरायचं, दोन कमिट, एक नाही.

१९. टारबॉलमधली कॉन्फिगर फाइल तशीच वापरू की स्वतः परत बनवू? सिक्युरिटीवाले मागे लागलेत.

त्यांचं बरोबर आहे. मार्च २०२४ मध्ये एक्सझेडचं (फाइल्स कॉम्प्रेस करणारं टूल) प्रकरण निघालं, व्हर्जन ५.६.० आणि ५.६.१. मागच्या दाराचा (बॅकडोअरचा) मुख्य माल गिटमध्येच होता, टेस्टच्या फाइल्स म्हणून. पण तो बाहेर काढून बिल्डमध्ये घुसवणारी कळ होती एका एम४ फाइलमध्ये, आणि ती फाइल त्या रूपात फक्त टारबॉलमध्ये होती, गिटमध्ये नव्हती. जनरेटेड कॉन्फिगर हजारो ओळींची असते, ती कोण वाचतो? अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरला एसएसएच लॉगिन साधारण अर्धा सेकंद जास्त घेतंय हे खटकलं म्हणून सापडलं.

आता टीप नीट वाचा: इथे नुसतं ऑटोरीकॉन्फ चालवून सुटका नव्हती, कारण बिघडवलेली फाइल कॉन्फिगर नव्हती, कॉन्फिगर जिच्यापासून बनते ती होती, परत बनवलंत तरी विष तिथेच. म्हणून मी टारबॉल घेतच नाही, गिटचा टॅग घेतो आणि सगळं तिथून बनवतो. टारबॉलच घ्यावा लागला तर तो टॅगशी डिफ करतो, आणि टारबॉलमध्ये जास्तीच्या निघालेल्या प्रत्येक फाइलसाठी एकच विचारतो, ही कुठल्या कमांडने बनली? ती कमांड चालवून तीच फाइल हाताशी आली नाही तर टारबॉल बाजूला ठेवतो.